फोन कुठला घेऊ? दुकानावर वारंवार येणारे प्रश्न

चिपळुणात माझं मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. गिऱ्हाईक काउंटरवर जेवढं बोलतं त्याच्या दुप्पट रात्री दहानंतर व्हॉट्सॲपवर विचारतं, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. ते इथे सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. एकदा सांगितलेलं पुन्हा लिहिलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. दादा, पंधरा हजारांत फोन घ्यायचाय. कुठला घेऊ?

मॉडेलचं नाव सांगत नाही. तुम्ही हे वाचाल तोवर ते बाजारातून गेलेलं असेल. त्याऐवजी मीच तुम्हाला विचारतो: दिवसातला जास्त वेळ तुम्ही कुठे असता आणि तिथे कुठल्या सिमला रेंज आहे? फोनवाचून अडेल अशी तुमची कामं कोणती? या दोन्हींची उत्तरं मिळाली की मग फोन आणि पैसे.

लोक याच्या बरोब्बर उलट करतात. आधी ऑफर बघून फोन, मग दुकानदार देईल ते सिम, आणि घरी गेल्यावर पडवीत एका पायावर उभं राहून "हॅलो, येतोय का आवाज?" फोन चाळीस हजारांचा असला तरी रेंज टॉवरकडूनच येते. म्हणून क्रम असा ठेवा: जागा, सिम, ॲप आणि शेवटी फोन. 

२. आमच्या घरात कुठल्या कंपनीची रेंज आहे हे सिम घेण्याआधी कसं कळणार?

शेजाऱ्यांना विचारा, पण "रेंज आहे का?" असं विचारू नका. सगळे "आहे की" म्हणतात. "स्वयंपाकघरात बसून व्हिडिओ कॉल लागतो का?" असं विचारा. आपल्याकडच्या जांभ्याच्या जाड भिंतीत अंगणातल्या चार दांड्यांच्या माजघरात दोन होतात आणि खाली दरीत घर असेल तर एकही उरत नाही.

खात्रीच करायची तर पाहुण्यांचे वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन घेऊन घरभर फिरा. दांड्यांवर भरवसा ठेवू नका, त्या प्रत्येक फोन आपल्या मर्जीने दाखवतो. सेटिंग्जमध्ये "फोनबद्दल" आणि तिथे "सिम स्टेटस" उघडलं की सिग्नलचा आकडा दिसतो. तो उण्यात असतो. ४जीसाठी उणे ९०च्या आसपास असेल तर झकास, उणे ११०च्या खाली, म्हणजे उणे १२०कडे, गेला की बोलताना आवाज तुटायला लागतो. झोपायची जागा, कामाची जागा आणि आजी बसते ती जागा अशा तीन ठिकाणी आकडा लिहून घ्या. संध्याकाळी आठच्या सुमाराला बघा, कारण तेव्हाच सगळा गाव नेटवर असतो.

कंपन्यांच्या साइटवर रेंजचे नकाशेही असतात. त्यांच्यावरून अंदाज घ्या. नकाशात डोंगर रंगवलेला असतो, तुमचं घर डोंगराच्या कुठल्या अंगाला आहे ते त्याला माहीत नसतं.

३. चार कंपन्या आहेत. दर सोडले तर त्यांच्यात फरक काय?

जिओ ५ सप्टेंबर २०१६ला सुरू झाली ती थेट ४जीवर. तिच्याकडे २जी, ३जी नाहीच. म्हणून जिओच्या सिमवर साधा कॉल करायलाही व्होल्टे (४जीवरून कॉल जायची सोय) असलेला फोन लागतो, आणि आजोबांचा जुना बटणांचा फोन जिओवर मुका होतो. एअरटेल आणि व्ही (व्होडाफोन आयडिया) यांचं २जी अजून चालू असल्याने तिथे तो फोन बोलतो. एअरटेलने ३जी मात्र केव्हाच बंद केलं. त्यामुळे फक्त ३जीपर्यंतचा स्मार्टफोन एअरटेलवर कॉलला चालेल, नेटला रडवेल.

बीएसएनएलचं स्वदेशी ४जी २७ सप्टेंबर २०२५ला देशभर जाहीर झालं. आतल्या वाड्यांत, जिथे बाकीच्यांनी टॉवर टाकलेच नाहीत, तिथे कित्येकदा हीच एक कंपनी असते. फोनमध्ये बँड २८ (बँड म्हणजे टॉवर आणि फोन ज्या लहरींवर बोलतात तो पट्टा) आहे का एवढं मात्र बघा. बीएसएनएलचं ४जी बरंचसं त्या ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर आहे आणि काही जुन्या फोनांना तो पट्टा ऐकूच येत नाही.

बाकीच्यांचे ४जी बँड सांगून ठेवतो, बाहेरून आणलेला फोन तपासायला लागतील (प्रश्न १६). जिओ ३, ५ आणि ४०. एअरटेल १, ३, ८ आणि ४०. व्ही १, ३, ८ आणि ४१. भारतात विकायला आलेल्या आजच्या फोनमध्ये हे बहुतेक सगळे असतात, त्यामुळे इथे घेतलेल्या नव्या फोनला ही चिंता नको.

४. ५जी फोनच घ्यावा का? आमच्या गावात तर ५जी नाही.

नवा घेत असाल तर घ्या. दहा-बारा हजारांतही आता ५जी मिळतो आणि फोन तीन-चार वर्षं वापरायचा असतो. पण केवळ ५जीसाठी चांगला चाललेला ४जी फोन बदलू नका. बोलणं, व्हॉट्सॲप, पैसे पाठवणं, यूट्यूब हे सगळं नीट मिळणाऱ्या ४जीवर आरामात चालतं.

फक्त एवढं करा, ५जीसाठी कॅमेरा, बॅटरी आणि स्टोरेज यांत तडजोड करू नका. अगदी खालच्या किमतीत कंपन्या ५जीची चिप बसवतात आणि ते पैसे बाकीच्या ठिकाणी वाचवतात.

५. फोन ५जी आहे, गावातही ५जी आलंय, तरी वर ४जीच दिसतं. बिघाड आहे का?

बहुतेक वेळा नसतो. आधी सेटिंग्जमध्ये नेटवर्कचा प्रकार ४जीवर अडकलाय का बघा. कोणीतरी बॅटरी वाचवायला तसं केलेलं असतं आणि विसरलेलं असतं. मग रिचार्ज बघा. जुलै २०२४च्या दरवाढीपासून जिओ आणि एअरटेलचं अमर्याद ५जी साधारणपणे रोज २ जीबी किंवा जास्त डेटा असलेल्या पॅकवरच मिळतं.

तिसरं कारण जरा आतलं आहे. जिओचं ५जी पूर्ण स्वतंत्र पद्धतीचं आहे, त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून एसए म्हणतात. एअरटेलचं मुख्यतः ४जीच्या खांद्यावर बसणारं, एनएसए. २०२०-२१मधल्या काही ५जी फोनांना एसए येत नाही किंवा ५जीचा एन२८ हा बँड नाही. तो फोन एअरटेलवर ५जी दाखवतो आणि जिओवर नाही. त्याला दुरुस्ती नाही, फार तर अपडेट. आयफोनवरही भारतातलं ५जी १ ऑक्टोबर २०२२ला सुरू झालं तेव्हा लागत नव्हतं, डिसेंबरमध्ये अपडेट आल्यावर लागलं.

आणि हो, जिओ-एअरटेलचं चालू ४जी सिम ५जीला चालतं. "५जी सिम अपग्रेड करून देतो, ओटीपी सांगा" असा फोन आला तर तो चोर आहे.

६. "८ जीबी रॅम, त्यात आणखी ८ जीबी" असं खोक्यावर लिहिलंय. म्हणजे १६ जीबी का?

नाही. दुसरे ८ जीबी स्टोरेजमधून उसने घेतलेले असतात. स्टोरेज रॅमपेक्षा कितीतरी संथ, त्यामुळे नावाला सोळा आणि कामाला आठ. खरी रॅम ६ किंवा ८ जीबी आणि स्टोरेज १२८ जीबी हे आजच्या घरगुती वापराला पुरतं.

६४ जीबीचा फोन स्वस्त म्हणून नेतात आणि वर्षभरात "फोन हँग होतो" म्हणून परत आणतात. मागच्या महिन्यात एका काकूंचा फोन उघडला तर गुलाबाची फुलं आणि "शुभ सकाळ" यांनी नऊ जीबी भरलेले. काकूंनी एकही फोटो काढलेला नव्हता. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवणं बंद केलं, जुने ढीग काढले, आणि नव्या फोनचे पैसे वाचले.

७. बॅटरी ५००० एमएएचची आहे, तरी दुपारी संपते. बदलू का?

फोन दोन-तीन वर्षांचा असेल तर बॅटरी बदलून बघण्यात अर्थ आहे. नवा असेल तर रेंज तपासा (प्रश्न २). टॉवर लांब असला की फोन जास्त जोर लावून सिग्नल पाठवतो आणि पुन्हा पुन्हा टॉवर शोधतो. एकच मॉडेल चिपळूण बाजारपेठेत दीड दिवस चालतं आणि घाटाखालच्या वाडीत अर्धा. मी तीन गिऱ्हाइकांची बॅटरी न बदलता नुसतं सिम बदलायला लावलंय, त्यांतल्या दोघांची तक्रार मिटली.

८. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हवा?

हा आकडा सोडून द्या. दुकानात संध्याकाळी, दिव्याखाली, हलणाऱ्या पोराचा फोटो काढून बघा. उजेडात सगळेच कॅमेरे छान असतात.

९. फोन किती वर्षं टिकेल ते घेतानाच कसं ओळखायचं?

काच आणि बॅटरी मी बदलून देतो. अपडेट मी देऊ शकत नाही, ती कंपनीच्या हातात. म्हणून "सुरक्षा अपडेट किती वर्षं?" हे विचारूनच फोन घ्या. गूगलने पिक्सेल ८पासून आणि सॅमसंगने एस२४पासून सात वर्षांचा शब्द दिलाय. सॅमसंगच्या ए१६ ५जीसारख्या मधल्या किमतीच्या फोनलाही सहा वर्षं सांगितली आहेत. कित्येक स्वस्त फोन मात्र दोन-तीन वर्षांत वाऱ्यावर सोडले जातात. फोन चालत राहतो, पण बँकेचं ॲप एके दिवशी म्हणतं, या फोनवर मी चालणार नाही.

१०. आईसाठी फोन घ्यायचाय. तिला फक्त बोलायचं असतं आणि नातवाला बघायचं असतं.

मग महागडा नको. मोठा पडदा, मोठा आवाज आणि तुमच्या घरातल्या कोणाकडे तरी असलेल्या कंपनीचाच फोन घ्या. म्हणजे अडल्यावर फोनवरून "खालचं डावीकडचं बटण दाब" असं सांगता येतं. भाषा मराठी करा, अक्षर मोठं करा, पहिल्या पानावर चारच चित्रं ठेवा. फोन लावायला माणसांचे फोटोच चिकटवा.

फक्त बोलायचंच असेल तर डेटाचे पैसे भरू नका. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) डिसेंबर २०२४च्या नियमामुळे कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक ठेवावे लागतात. ते जाहिरातीत दिसत नाहीत, कंपनीच्या ॲपमध्ये खाली शोधावे लागतात. घरी वाय-फाय असेल तर नातू वाय-फायवर दिसेल आणि रिचार्ज कॉलपुरतं राहील.

स्मार्टफोन नकोच म्हणाली तर जबरदस्ती करू नका. बटणांच्या फोनवरूनही पैसे पाठवता येतात. त्यासाठी मार्च २०२२मध्ये यूपीआय १२३पे आलं, आणि *९९# त्याआधीपासूनच आहे.

११. मराठी टाइप करताना "ळ" आणि "दुसऱ्या"मधला "ऱ्य" येत नाही. फोन बदलावा लागेल का?

फोन नाही, कळफलक बदला. बऱ्याच फोनांत दुकानदार "हिंदी" टाकून देतो. त्याच्यावर ळ लपलेला असतो, आणि र, हलन्त, य असं दाबलं की रफार होतो. "दऱ्या" लिहायला जावं तर "दर्या" होतो आणि दऱ्यांचा समुद्र होतो. पुरानंतर एका ग्रुपवर "नदीतला गाल काढण्याचं काम सुरू" असा निरोप आला होता, गाव आठवडाभर हसत होतं.

जीबोर्ड किंवा तुमच्या फोनच्या कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये जाऊन भाषांत "मराठी" जोडा आणि हिंदी काढून टाका. तिथे ळ समोर असतो. ऱ बहुतेक कळफलकांत र दाबून धरला की वर येतो. त्यावर हलन्त आणि मग य किंवा ह दिला की "दुसऱ्या", "तऱ्हा" नीट उमटतात. टायपिंगच नको असेल तर माइकचं बटण दाबून मराठीत बोला. कोकणी हेल असला तरी बऱ्यापैकी समजतं, गावांची नावं तेवढी तपासा.

१२. कुठली ॲप ठेवावीत? फोनमध्ये आधीच पन्नास आहेत.

तुमची कामं मोजा आणि तेवढीच ठेवा. शेती असेल तर ई-पीक पाहणी. १५ ऑगस्ट २०२१पासून ती राज्यभर सुरू आहे, आणि शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढावा लागतो. यासाठी फोनचं जीपीएस चांगलं लागतं आणि भर उन्हात पडदा दिसावा लागतो. फोन घेताना दुकानाबाहेर उन्हात नेऊन बघा, हे कोणी करत नाही. पावसाळ्यासाठी दामिनी ठेवा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेने केलेलं हे ॲप तुमच्या आसपासच्या २० ते ४० किलोमीटरमध्ये वीज पडण्याची शक्यता असेल तर सांगतं. भातलावणीला गेलेल्या माणसाला त्याचा उपयोग आहे, पण खिशातल्या फोनचा आवाज चालू हवा.

मुंबईला जा-ये असेल तर एम-इंडिकेटर आणि रेल्वेचं रेलवन. कागदपत्रांसाठी डिजीलॉकर. विजेच्या बिलासाठी महावितरणचं. पैशांसाठी यूपीआयचं एकच ॲप, तीन नकोत.

नवं ॲप टाकलं की ते काय मागतंय ते वाचा. टॉर्चला तुमचे कॉन्टॅक्ट कशाला हवेत? कर्ज देणाऱ्या ॲपने तुमच्या कॉन्टॅक्ट आणि फोटोंमध्ये शिरायचं नाही असं रिझर्व्ह बँकेने २०२२मध्ये सांगून ठेवलंय. मागत असेल तर तिथेच काढून टाका.

१३. व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका आली, उघडली तर "इन्स्टॉल करा" म्हणते. करू?

नको! पत्रिका चित्र किंवा पीडीएफ असते. जी फाइल इन्स्टॉल व्हायला मागते ती एपीके, म्हणजे ॲप. लग्नपत्रिका, वाहनाचं चलन, पीएम किसानची यादी, बँकेचं केवायसी अशा नावांनी ती फिरते. एकदा आत शिरली की तुमचे एसएमएस वाचते आणि ओटीपी पळवते. ओळखीच्या नंबरवरून आली तरी उघडू नका, कारण त्या ओळखीच्या माणसाचाच फोन आधी गेलेला असतो.

चुकून टाकलीत तर आधी फोनचं नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) लावा. फोन घेऊन माझ्याकडे त्यानंतर या. लोक आधी माझ्याकडे येतात आणि तेवढ्यात अर्धा तास जातो.

१४. नवा फोन घेतला, यूपीआय सुरूच होत नाही. "एसएमएस पाठवता आला नाही" म्हणतं.

यूपीआय सुरू करताना ॲप तुमच्या सिमवरून गुपचूप एक एसएमएस पाठवतं, हा नंबर याच फोनमध्ये आहे हे पटवायला. बँकेत नोंदलेला नंबर याच फोनमध्ये हवा आणि त्याचं रिचार्ज चालू हवं. मुदत संपलेल्या सिमवर एसएमएस जात नाही, मग वाय-फाय कितीही पळो. दोन सिम असतील तर ॲप विचारतं तेव्हा बँकेतलंच सिम निवडा. काही फोनांत एसएमएससाठी दुसरं सिम ठरवून ठेवलेलं असतं, ते बदला. इथे दहापैकी आठ फोन सुटतात. उरलेल्यांना बँकेत जावं लागतं, कारण तिथे नोंदलेला नंबर जुनाच असतो.

१५. गणपतीत रेंज फुल्ल असते, पण नेट चालत नाही. सिम खराब झालं का?

सिम ठीक आहे, गाव भरलाय. एका टॉवरची ताकद त्याच्याखालच्या सगळ्यांत वाटली जाते. एरवी वाडीत साठ फोन असतात, चाकरमानी आले की तीनशे, आणि सगळे एकाच वेळी आरतीचा व्हिडिओ पाठवतात. दांड्या सिग्नल दाखवतात, रांग दाखवत नाहीत.

व्हिडिओ पहाटे पाठवा. ५जी येत असेल तर ते चालू ठेवा, कारण पाहुण्यांतले कित्येक ४जीवर असतात. घरात दुसऱ्या कंपनीचं एक सिम असू द्या आणि दुकानात जाताना खिशात नोटा ठेवा.

दुसऱ्या कंपनीचा आग्रह मी उगाच धरत नाही. २२ जुलै २०२१च्या पुरात माझ्याकडचे दोन्ही नंबर एकाच कंपनीचे होते आणि दोन्ही एकदम गेले. बायको माहेरी होती. तिसऱ्या दिवशी एका अनोळखी माणसाच्या फोनवरून तिला "आम्ही वरच्या मजल्यावर आहोत" एवढं सांगता आलं. तेव्हापासून घरात दोन कंपन्या.

१६. भाच्याने अमेरिकेहून आयफोन पाठवलाय, पण सिम घालायची जागाच सापडत नाही.

जागा नाहीच. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोन १४पासूनच्या फोनांना सिमचा ट्रे नसतो, फक्त ई-सिम, म्हणजे फोनच्या आतच असलेलं सिम. आपल्याकडे जिओ, एअरटेल आणि व्ही ई-सिम देतात, त्यामुळे फोन वाया गेलेला नाही. पण फोन बिघडला की सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकता येत नाही, आणि खेड्यात ते महागात पडतं.

त्याआधी सेटिंग्जमधल्या "जनरल"मध्ये "अबाउट" उघडा आणि फोन तिथल्या कंपनीला लॉक आहे का बघा. लॉक असेल तर तो भाच्यालाच तिथून उघडून घ्यावा लागेल. अँड्रॉइड असेल तर बँड ताडून बघा (प्रश्न ३). काही परदेशी मॉडेलांत बँड ४० नसतो, काहींत आपल्या कंपन्यांचं व्होल्टे सुरूच होत नाही, आणि मग जिओवर नेट चालतं पण कॉल लागत नाही. वॉरंटी इथे लागू आहे का तेही विचारून घ्या. जपानहून आलेल्या काही फोनांत फोटो काढतानाचा आवाज बंद होत नाही, ती तिथली रीत आहे. घेऊन आलात तर मी काही करू शकणार नाही.

१७. जुना फोन घेतोय. चोरीचा नाही हे कसं कळेल?

*#०६# दाबा, आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, दिसेल. एसएमएसमध्ये इंग्रजी केवायएम, मग एक जागा सोडून तो पंधरा आकडी क्रमांक लिहा आणि १४४२२वर पाठवा. उत्तरात कंपनी आणि मॉडेल येतं. समोरचा फोन वेगळाच असेल किंवा तो क्रमांक काळ्या यादीत असेल तर हात लावू नका. सरकारच्या संचार साथी ॲपवरही हे बघता येतं, आणि तुमच्या नावावर किती सिम आहेत तेही. ते एकदा बघाच, कोणाकोणाला धक्का बसतो.

विकणाऱ्याला तुमच्यासमोर त्याचं गूगल किंवा ॲपल खातं काढायला लावा. नाहीतर रीसेट केल्यावर फोन त्याचाच पासवर्ड मागत बसतो. हप्त्यांवर घेतलेला असेल तर हप्ते फिटल्याचा कागद मागा. हप्ता थकला की दुरून लॉक होणारे फोन असतात.

१८. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायचीय, पण नंबर मुंबईचा आणि मी आता गावी असतो.

बदलता येते. मुंबई हे वेगळं सर्कल (मोबाइल सेवेचा विभाग) आहे आणि बाकीचा महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं, पण ३ जुलै २०१५पासून देशात कुठूनही कुठेही पोर्ट होतं. इंग्रजीत पोर्ट, जागा, मग तुमचा नंबर लिहून १९००वर एसएमएस करा. कोड येईल, तो चार दिवस चालतो. तो आणि आधार घेऊन नव्या कंपनीकडे जा. सर्कल तेच असेल तर तीन कामाचे दिवस लागतात, तुमच्यासारख्याला पाच.

अडतं ते इथे: सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले नसतील, पोस्टपेडचं बिल राहिलं असेल, किंवा सिम हरवून गेल्या सात दिवसांत नवं काढलं असेल तर पोर्ट होत नाही. जुन्या कंपनीतलं रिचार्ज बुडतं, म्हणून मुदत संपत आल्यावरच करा.

१९. घरात रेंज येतच नाही. सगळ्या कंपन्या करून बघितल्या.

फायबर किंवा कुठलंही वाय-फाय आहे का? असेल तर फोनच्या सेटिंग्जमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू करा. कॉल टॉवरऐवजी वाय-फायवरून जातो, नंबर तोच, वेगळे पैसे नाहीत. फोन आणि कंपनी दोघांनाही ते यायला हवं, म्हणून घेण्याआधी विचारा. बाजारात मिळणारे सिग्नल वाढवायचे डबे लावू नका. परवानगीशिवाय ते बेकायदा आहेत आणि आसपासच्यांची रेंज बिघडवतात.

२०. फोन पाण्यात पडला. तांदळात ठेवलाय.

तांदूळ घरात ठेवा, फोन बाहेर काढा. तांदूळ आतलं पाणी ओढत नाही, उलट त्याची भुकटी चार्जिंगच्या भोकात बसते. फोन बंद करा, सिम काढा, चार्जिंगला अजिबात लावू नका आणि लवकर दुरुस्तीला आणा. पाण्याने फोन मरत नाही, ओल्यात वीज सोडल्याने मरतो. फोन आयपी६८ (पाण्यापासून बचावाचं मानक) असला तरी कंपनीची वॉरंटी सहसा पाण्याचं नुकसान धरत नाही. खाडीचं खारं पाणी असेल तर दिवस मोजू नका, तास मोजा.

२१. वडील वारले. त्यांचा नंबर बँक, गॅस, जमिनीचे कागद सगळीकडे आहे. चालू ठेवता येईल का?

येईल, पण नुसतं रिचार्ज मारत राहू नका. कंपनीच्या दुकानात मृत्यूचा दाखला आणि तुमचे कागद देऊन नंबर वारसाच्या नावावर करून घ्या. प्रत्येक कंपनीचे फॉर्म थोडे वेगळे आहेत, आधी विचारून जा. बँकेचा ओटीपी त्या नंबरवर येतो म्हणून त्यांच्या खात्यातून पैसे काढू नका. बँकेला कळवून वारसाच्या रीतीनेच करा.

रिचार्ज राहून गेलं तर: प्रीपेड नंबर ९० दिवस कसल्याच वापराविना राहिला तर कंपनी तो बंद करू शकते. खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून मुदत वाढते. बंद झालेला नंबर आणखी ९० दिवसांनंतर दुसऱ्या कोणाला दिला जाऊ शकतो, आणि मग बँकेचे निरोप त्याच्याकडे जातात. व्हॉट्सॲपचं खातंही १२० दिवस न वापरल्यास पुसलं जातं.

म्हणून फोन रीसेट करण्याआधी, कोणाला देण्याआधी, त्यांच्या व्हॉट्सॲपमधले आवाजी निरोप वेगळे काढून ठेवा. हे मला आधी कोणी विचारत नाही. दोन-तीन महिन्यांनी फोन घेऊन येतात आणि म्हणतात, त्यातला आवाज परत येईल का? तोवर फोन पोराच्या गेमसाठी पुसलेला असतो.